विश्लेषण : विकत आणलेले पिल्लू आजारी निघाले, तर जबाबदारी कोणाची?

हौसेने लॅब्राडोर किंवा शिट्झूचे पिल्लू घरी येते. पहिले दोन दिवस घरभर धुडगूस. तिसऱ्या दिवशी ते कोपऱ्यात बसून राहते, खाण्याला तोंड लावत नाही. रात्री उलट्या आणि पहाटे रक्ताचे जुलाब. विकणाऱ्याला फोन केला, की बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते : ‘आमच्याकडे तर ठणठणीत होते’ किंवा ‘परत आणून द्या, दुसरे देतो’. पहिल्या उत्तराचा संताप येतो, पण दुसरे जास्त घातक आहे. ते ऐकून मालकाला आपण सुटलो असे वाटते.

लागण कुठे झाली, हे कसे ओळखायचे?

लहान पिल्लांमध्ये अशी लक्षणे दिसली की पशुवैद्यांना पहिला संशय पार्वो विषाणूचा येतो. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण ३ ते ७ दिवस जातात, कधी दोन आठवडेही. म्हणजे पिल्लू आणल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच आजारी पडले, तर लागण बहुधा विकणाऱ्याकडेच झालेली असते. तिसऱ्या आठवड्यात आजारी पडले, तर संशय आपल्या घराकडे आणि आवाराकडे वळतो. ‘एक डोस दिला आहे’ हे आश्वासनही पुरेसे नाही. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लशीला निष्प्रभ करू शकते. म्हणून वयाच्या सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून १६व्या आठवड्यापर्यंत ठरावीक अंतराने डोस द्यावे लागतात.

कायदा विकणाऱ्याला काय सांगतो?

श्वानपैदास आणि विक्रीसाठी केंद्राचे २०१७चे नियम आहेत, पेट शॉपसाठी २०१८चे. दोन्हींत राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक आहे. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. ब्रीडरने पिल्लाचे लसीकरण आणि मायक्रोचिप करून, त्याच्या नोंदी खरेदीदाराला द्यायच्या असतात. प्रत्यक्षात व्हॉट्सॲपवर फोटो, यूपीआयवर पैसे आणि रस्त्यात हस्तांतर, असे अनेक व्यवहार होतात. तिथे नियमांचा पत्ताच नसतो.

पैसे परत मागता येतात का?

येतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कोणतीही जंगम मालमत्ता ही ‘वस्तू’ आहे. पाळीव प्राणीही त्यात मोडतो. बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर सदोष वस्तू ३० दिवसांत परत घेण्यास आणि पैसे देण्यास नकार देणे, हीदेखील अनुचित प्रथाच. तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दाद मागता येते. मात्र शेजाऱ्याच्या कुत्रीला झालेले एखादे पिल्लू घेतले असेल, तर या कायद्याचा आधार लंगडा पडतो. विकणारा व्यवसाय म्हणून विकत असला पाहिजे.

मग मालकाची जबाबदारी कुठे येते?

खरी अडचण इथेच आहे. ग्राहक कायद्यासाठी पिल्लू ही वस्तू आहे. पण प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० चे कलम ३ सांगते, की प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्या सुस्थितीसाठी सर्व वाजवी उपाय केले पाहिजेत आणि त्याला अनावश्यक वेदना होऊ देता कामा नयेत. पिल्लू कुठून आणले, किती पैसे मोजले, चूक कोणाची, हे त्या कलमात विचारलेले नाही. ताबा कोणाकडे, एवढाच प्रश्न. दोन्ही कायदे एकाच वेळी लागू असतात. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : भांडण जरूर करा, पण डॉक्टरकडे जाऊन आल्यावर.

यात भावनेपेक्षा घड्याळाचा भाग मोठा आहे. पार्वोमध्ये पिल्लू शरीरातील पाणी झपाट्याने गमावते. उपचार न मिळाल्यास बहुतांश पिल्ले दगावतात. वेळेत सलाइन आणि देखरेख मिळाली, तर बहुतांश वाचतात. ‘आधी त्यांनी खर्चाचे कबूल करू दे’ म्हणत घालवलेला दिवस पिल्लाच्या खात्यातून जातो. दही-भात भरवून वाट पाहणे किंवा घरातल्या वेदनाशामक गोळ्या देणे तर टाळाच. आयबुप्रोफेनसारखी औषधे कुत्र्यांना विषारी ठरतात.

आणि डॉक्टरकडे जाण्याने तुमचा दावा बळकटच होतो. विष्ठेची पार्वो चाचणी, तपासणीची तारीख, उपचारांची बिले, लसीकरणाच्या कार्डावरील स्टिकर, यूपीआयची नोंद आणि चॅट हे पुरावे आहेत. पिल्लू दगावलेच, तर शवविच्छेदनाचा अहवाल घ्या. आजारी पिल्लू मुकाट परत केले, तर पुरावाही त्याच्यासोबत जातो.

‘दुसरे पिल्लू’ का घेऊ नये?

परत केलेल्या पिल्लावर उपचार होतील, याची हमी कोण देणार? ज्याने ते आजारी असताना विकले, त्याच्याकडून ती अपेक्षा भाबडी आहे. शिवाय पार्वोचा विषाणू घरात आणि मातीत महिनोन्महिने टिकतो. साध्या फिनेलवर विसंबू नये. फरशीवरील घाण आधी पूर्ण काढून, एक भाग ब्लीच ३० भाग पाण्यात मिसळून पुसावे लागते. अशा घरात लसीकरण पूर्ण न झालेले दुसरे पिल्लू आणणे म्हणजे त्यालाही आजाराच्या तोंडी देणे.

खर्च झेपत नसेल तर?

हा प्रश्न रास्त आहे. काही दिवस दवाखान्यात ठेवायचे, तर बिल हजारांत जाते. अशा वेळी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना, परळचे ‘बैलघोडा’ म्हणून ओळखले जाणारे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, किंवा परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये गाठता येतात. डॉक्टरांना आपले बजेट आधीच सांगण्यात कमीपणा नाही. त्यांना उपचार त्याप्रमाणे आखता येतात. पिल्लाला रस्त्यावर सोडणे हा मात्र पर्याय नाही. उपाशी-तहानेले राहण्याची वेळ येईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणे, हा १९६० च्या याच कायद्याखाली गुन्हा आहे.

अजून पिल्लू घेतले नसेल, तर काम सोपे आहे. ब्रीडरची नोंदणी विचारा, पिल्लाची आई पाहण्याचा आग्रह धरा, बिल मागा आणि घरी नेण्याच्या दिवशीच पशुवैद्याकडून तपासणी करून घ्या. पिल्लाच्या किमतीइतकीच रक्कम पहिल्या वर्षाच्या औषधपाण्यासाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर खरेदी थोडी पुढे ढकला. मालकी पैसे दिल्यावर मिळते. जबाबदारीची तयारी त्याआधी करावी लागते.