अवघड जागचं दुखणं

'अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य' ही म्हण आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय. म्हणीतला वैद्य पुढे डॉक्टर झाला, पण दुखणं होतं तिथेच राहिलं. गंमत बघा, घरात औषध जाणणारा माणूस पाटावर बसून जेवतोय, आणि सासूबाई आत कळ काढतायत. आपल्याला त्याचं हसू येतं. मला हल्ली येत नाही. कारण फिशर.

हो, फिशर. गुदद्वाराच्या कडेला पडलेली चीर. हे मी लिहिणार आहे असं आईला आधीच सांगून ठेवलंय आणि 'तू वाचू नकोस' असंही बजावलंय, त्यामुळे सगळ्यात आधी तीच वाचणार हे नक्की. तर आई, लिहिलंय ते लिहिलंय.

मला हे २०२३ च्या मे महिन्यात झालं. चीर ती केवढी, तर जेमतेम नखाएवढी. हिवाळ्यात ओठ फाटतो तितपत. पण ओठाला दिवसभर गप्प राहता येतं, या जागेला सुट्टी नाही. शिवाय ती जागाच अशी आहे की तिथल्या त्वचेला बोटाच्या टोकासारखी जाणीव असते. तिथून जरा वर आत गेलं की आतड्याच्या अस्तराला कापल्या-टोचल्याची अशी जाणीव नसते, म्हणून आतल्या मूळव्याधीतून रक्त जातं पण बहुधा दुखत नाही. आणि इथे नखाएवढ्या चिरेने भला माणूस संडासाच्या दाराची कडी धरून देवाचा धावा करतो.

खरं तर पहिली कळ, ती काच गिळून बाहेर टाकल्यासारखी, ती मिनिटभराची असते. खरा छळ नंतर सुरू होतो. त्या जागी कड्यासारखे दोन स्नायू असतात. बाहेरचा आपल्या ताब्यात असतो, आतला अजिबात नाही. चीर दुखली की तो आतला स्नायू आवळून घेतो, आणि आवळला की त्या जागेचा रक्तपुरवठा कमी होतो. मग जखम भरत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा उकलते, पुन्हा दुखतं, पुन्हा आवळतो. साडेआठला शौचाला जाऊन आलेला माणूस दुपारी बारापर्यंत निखाऱ्यावर बसल्यासारखा बसलेला असतो, आणि समोरचा त्याला विचारत असतो, "या क्वार्टरचे आकडे कधी देतोयस?"

त्यात संध्याकाळी उद्याची भीती. ही भीती कळायला हे दुखणं व्हावं लागतं, आणि ते कोणाला होऊ नये. रात्री ताट समोर आलं की मनात येतं, कमी खाल्लं तर उद्याचं टळेल. टळत नाही. मळ आणखी कोरडा होतो आणि परवाचा दिवस जास्त वाईट उजाडतो.

आता माझा मुद्दा. हे दुखणं लपवून बरं होत नाही. हे मी नीतिमत्ता म्हणून सांगत नाहीये, अगदी व्यवहार म्हणून सांगतोय. बीपीची गोळी खिशात ठेवून गुपचूप घेता येते. फिशरचे उपचार गुपचूप करताच येत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं काय, तर कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसायचं, दिवसातून दोन-तीन वेळा, आणि शौचाला जाऊन आल्यावर न चुकता. (त्या कोमट पाण्याने तो आवळलेला स्नायू सैलावतो. पहिल्यांदा सैलावला तेव्हा मला रडू आलं होतं.) आता आमच्या घरात सकाळी सात ते नऊ एक बाथरूम, दोन शाळेत जाणारी मुलं, ऑफिसला निघालेली बायको आणि पूजेआधी आंघोळ हवी असलेले बाबा. या गर्दीत एक माणूस निळा टब आणि गरम पाण्याची बादली घेऊन रोज आत जाऊन बसतो, आणि घरात कोणाला काही कळता कामा नये?

धाकट्याने दुसऱ्याच दिवशी विचारलं, "बाबा, तू टबात का बसतोस?" मी म्हटलं, शीच्या जागी चीर पडलीये, ओठ फाटतो ना तशी. तो म्हणाला, "मग व्हॅसलीन लाव की." विषय संपला. सात वर्षांच्या मुलाला जे इतकं सोपं वाटलं, ते सांगताना मोठी माणसं घसा खाकरतात, आवाज खाली आणतात आणि 'ते... जरा... पोटाचं' असं म्हणतात.

ऑफिसातही तेच. आमच्याकडच्या एकाने अशाच दुखण्यात 'पाठ दुखते' असं सांगितलं होतं. लोकांनी प्रेमाने त्याला ताठ पाठीची कडक खुर्ची आणून दिली! मी साहेबांना सरळ सांगितलं की फिशर झालंय, सकाळच्या मीटिंगला उभा राहीन किंवा घरून फोनवर येईन. साहेब दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "मला २०१७ ला झालं होतं. ऑपरेशन करावं लागलं. बायकोशिवाय कोणाला माहीत नाही." त्यानंतर महिन्याभरात मला अकरा जणांनी आपापली कहाणी सांगितली. मी मोजले. अकरा! इतकी वर्षं ही सगळी मंडळी आपल्याच आजूबाजूला बसत होती, म्हणजे बसायचा प्रयत्न करत होती. :-)

त्या अकरांत चार बायका होत्या, आणि त्यांचं ऐकून माझं हसणं थांबलं. बाळंतपणानंतर हे दुखणं बऱ्याच जणींना होतं. लोहाच्या गोळ्यांनी मळ घट्ट झालेला, टाके ओले, झोप नाही, पाणी प्यायची आठवण नाही, आणि घरभर पाहुणे बाळाचं नाक कोणासारखं आहे यावर चर्चा करतायत. एक मैत्रीण म्हणाली, मी संडासात रडायचे आणि घरचे म्हणायचे, पहिलटकरीण आहे, हळवी झालीये. डिंकाचे लाडू आले, आळीव आले, सगळं आलं. 'तुला शौचाला दुखतं का गं?' हे एकीनेही विचारलं नाही. तिच्या आईनेही नाही. आईलाही बहुधा कोणी विचारलं नसेल.

लपवण्याचा दुसरा परिणाम म्हणजे शब्दच गेले. आपल्याकडे कमरेखाली मागे जे काही होईल ते 'मूळव्याध'. आयुर्वेदात याला वेगवेगळी नावं आहेत. मूळव्याध म्हणजे अर्श, नळीसारखी वाट पडते तो भगंदर, आणि चिरेच्या दुखण्याला परिकर्तिका, म्हणजे कातरीने कातरल्यासारखी वेदना. ज्याने हे नाव ठेवलं त्याने रोग्याचं म्हणणं नीट ऐकून घेतलं होतं, एवढं नक्की. आम्ही मात्र सगळ्याला एकच लेबल लावून मोकळे. जुन्या चिरेच्या टोकाशी कातडीचा छोटा कोंब येतो, तो हाताला लागला की झालीच मूळव्याध! मग एसटी स्टँडच्या भिंतीवरचा तो पिवळा बोर्ड, 'बिना ऑपरेशन, खात्रीशीर इलाज, गुप्तता पाळली जाईल'. या धंद्याचं खरं भांडवल औषध नाही, ती गुप्तता आहे.

इथे मला आत्याबद्दल सांगायचंय. आतेबहिणीला विचारूनच लिहितोय. ती म्हणाली, लिही, नाव नको. आत्याला २०१२ च्या पावसाळ्यापासून शौचातून रक्त जात होतं. तिने ठरवून टाकलं, मूळव्याध आहे. अशाच एका बोर्डाखालच्या माणसाकडून ती पुड्या आणायची आणि तांदळाच्या डब्यामागे ठेवायची. घरात मुलगा, सून, मुलगी, सगळी तिच्यावर जीव टाकणारी. कोणाला पत्ता नाही. २०१४ च्या जानेवारीत ती जिन्यात चक्कर येऊन पडली तेव्हा हिमोग्लोबिन सहावर आलेलं होतं. डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटाने तपासलं, त्याला मिनिटही लागलं नसेल, आणि गाठ हाताला लागली. कॅन्सर होता आणि पसरलेला होता. २०१५ मध्ये ती गेली. पुड्यांचा डबा नंतर सापडला.

गैरसमज नको. फिशरचा कॅन्सर होत नाही, आणि असं रक्त जाणाऱ्या बहुतेकांना मूळव्याध किंवा चीरच निघते. पण कोणाला काय आहे हे बघितल्याशिवाय कळत नाही, आणि बघायला मिनिटभर लागतं. आत्यामुळेच मी तिसऱ्या दिवशी सर्जनसमोर होतो. मला तर त्यांनी बोट लावूनही तपासलं नाही. इतकं दुखत असताना नाही तपासत म्हणाले, नुसतं बघूनच सांगितलं. पण पुन्हा पुन्हा रक्त जातंय, वजन उतरतंय, शौचाच्या सवयी बदलल्यात, तर दुखो न दुखो, दाखवायचंच.

बाकी उपचारांचं म्हणाल तर ताजी चीर बहुतेकदा टब, भरपूर पाणी, चोथा असलेलं खाणं आणि मलम यावर काही आठवड्यांत भरते. मला इसबगोल दिलं होतं. ते घेऊन वर पाणी नाही प्यालं तर उलटंच होतं, हे पाकीट घेणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत नसावं. तिखटाने चीर पडत नाही, पण पडलेल्या चिरेला तिखट काय करतं ते मिसळप्रेमींनी कल्पनेनेच समजून घ्यावं. मलमाची मात्र मौज आहे. पहिलं मलम होतं नायट्रोग्लिसरिनचं. होय, तेच, ज्यापासून आल्फ्रेड नोबेलने डायनामाइट केलं! त्यातून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि स्नायू सैल पडतो. या नायट्रिक ऑक्साइडच्या कामाचा उलगडा करणाऱ्या तिघांना १९९८ चं नोबेल पारितोषिक मिळालं, म्हणजे नोबेलच्या पैशाने वर्तुळ पूर्ण झालं. मला त्याने डोकं इतकं दुखलं की खालचं दुखणं विसरलो. मग डिल्टियाझेमचं मलम दिलं, ते मानवलं. दीड-दोन महिन्यांतही चीर भरली नाही तर बोटॉक्सचं इंजेक्शन किंवा त्या आतल्या स्नायूला छोटासा छेद देण्याचं ऑपरेशन असतं. ऑपरेशनने बहुतेकांना गुण येतो, काहींचा गॅसवरचा ताबा थोडा कमी होतो. ते सर्जनला आधीच विचारून घ्यावं, लाजू नये.

आमचे काका म्हणतील, अरे पण सगळंच कशाला चव्हाट्यावर आणायचं? काकांचं मी अगदीच खोडून काढणार नाही. लग्नाच्या पंगतीत श्रीखंड वाढत असताना हा विषय मीही काढत नाही. २०१५ साली आलेल्या 'पिकू'मध्ये अमिताभने बद्धकोष्ठावर अख्खा सिनेमा खेचला आणि आपण सहकुटुंब हसलो, पण तिथून घरी आल्यावर किती जणांनी आपल्या वडिलांना विचारलं? अमेरिकेत १९८० च्या वर्ल्ड सिरीजमध्ये जॉर्ज ब्रेट नावाचा बेसबॉलपटू मूळव्याधीच्या दुखण्याने सामना अर्धवट सोडून गेला, छोटं ऑपरेशन करून पुढच्या सामन्यात परत आला आणि होमरन मारला. देशभर त्याच्या बुडाची चर्चा झाली, आणि तो स्वतः त्यावर विनोद करत होता. तेवढं धैर्य मी कोणाकडे मागत नाही. घरातल्या दोन माणसांना आणि एका डॉक्टरला कळलं तरी खूप झालं. ज्याच्या वाटणीची बाथरूमची वेळ आपण खाणार आहोत, निदान त्याला तरी.

माझी चीर सातव्या आठवड्यात भरली. इसबगोल चालू आहे, पाण्याची बाटली टेबलावर असते. निळा टब मी धुऊन माळ्यावर टाकला होता, तो मागच्या महिन्यात खाली काढून एका नातेवाइकांकडे पोचवलाय. कोणाकडे ते विचारू नका, पण त्यांनी फोन स्वतःहून केला होता.