जुन्या मोटारीच्या तळाला लेप कोणता?

लोखंड गंजण्यास प्राणवायू व पाणी ही दोन्ही लागतात. जयपूरच्या शास्त्री नगरात उभ्या असलेल्या जुन्या मोटारीचा तळ वर्षातील बहुतेक महिने कोरडा राहतो. म्हणून तेथे गंज सावकाश वाढतो. मालकाची बदली रत्नागिरीस झाली, की दमट हवा व समुद्राचे मीठ यांमुळे तोच गंज झपाट्याने पसरू लागतो. मग लेपाची आठवण होते, व बहुधा डांबराचा जाड थर दिला जातो. काळाभोर तळ पाहून समाधानही वाटते!

आमच्या मते जुन्या गाडीला हा थर घातक होय. स्वच्छ पत्र्यास तो घट्ट धरतो. गंजलेल्या पत्र्यावर मात्र कालांतराने तडकतो. फटीतून शिरलेले पाणी आतच कोंडते. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो थराला आतून उचलतो; ज्या सांगाड्यावर माणसांचा भार, तो पोखरला जात असता वरून काहीच दिसत नाही.

त्यापेक्षा सुटा गंज तारेच्या ब्रशाने खरवडून, तळ पूर्ण वाळवून, मेणाचा किंवा लोकरीपासून मिळणाऱ्या लॅनोलिनचा मऊ लेप द्यावा. तो सांध्यांत झिरपतो. मात्र ब्रेक, सायलेन्सर व पाणी निथळण्याची छिद्रे यांस तो लागू देऊ नये. दरवर्षी पुन्हा लावावा लागतो खरा. पण त्या निमित्ताने तळ एकदा नजरेखालून जातो.