केसांची हजेरी

नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावताना आमची आजी आम्हा मुलींच्या वरच्या ओठावर डाळीचे पीठ जरा जोरानेच चोळी. "लव जाते," म्हणे. लव काही गेली नाही. कातडी तेवढी लाल होई.

गेल्या दिवाळीत तेच दुखणे घेऊन बदलापूरची भाची माझ्याकडे उल्हासनगरला आली. वैशाखात लग्न ठरलेले. बोलणी चालू असताना मुलाच्या काकू म्हणाल्या होत्या, "मुलगी गोड आहे हो, फक्त ओठावर जरा..." पुढचे त्यांनी गिळले, आणि पोरीने ते महिनाभर मनात पुरे केले. एका दुकानात तिला सांगितले होते, "एकाच बैठकीत लेसरने कायमचे साफ!" "मावशी, भरू का पैसे?" मी तिला आधी अंबरनाथला त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेले.

बाईंनी सांगितले ते मला हजेरीच्या भाषेत समजले. पावसात लोकल अडकली की वांगणी-बदलापूरकडची मुले वर्गात नसतात. मी कितीही जीव तोडून शिकवले तरी त्यांच्यापर्यंत काय पोचणार? केसांचेही तसेच. प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग विसावा घेतो, गळतो आणि त्याच जागी नवा उगवतो. डोक्यावरच्या केसाची वाढ दोन ते सहा वर्षे चालते, अंगावरच्याची काही महिनेच. लेसरचा प्रकाश केसातले काळे रंगद्रव्य शोषते, त्याची क्षणार्धात उष्णता होते आणि ती मुळाला भाजते. पण केस वाढीत असेल तेव्हाच तो मुळाशी नीट जोडलेला असतो. विसाव्यातले केस त्या दिवशी गैरहजर! म्हणून चेहऱ्यासाठी चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ वेळा तरी हजेरी घ्यावी लागते. मधल्या काळात दोऱ्याने केस उपटायचे नाहीत. उष्णता मुळाशी नेणारा केसच मग जागेवर उरत नाही. वस्तरा चालतो. "त्याने केस राठ होतात ना?" भाचीने भीत भीत विचारले. तो समज खोटा निघाला.

या लेसरचा जन्म १९६० चा. महाराष्ट्र राज्य १ मे रोजी झाले, आणि पंधराच दिवसांनी, १६ मे रोजी, अमेरिकेत थिओडोर मायमन यांनी पहिला लेसर चालवून दाखवला. असो.

खरी अडचण होती उन्हाची. भाची भर दुपारी स्कूटरवरून हिंडते, चेहरा रापलेला. बदलापूरच्या उकाड्याने लेसर बिघडत नाही, पण रापलेल्या कातडीतही तेच रंगद्रव्य असते, आणि केसासाठीची उष्णता ती कातडीच पिऊन बसते. मग पोळते, काळे डाग पडतात. आपल्या सावळ्या कातडीला म्हणूनच १०६४ नॅनोमीटरचा, खोल जाणारा आणि वरच्या थरात कमी अडकणारा प्रकाश अधिक सुरक्षित. दुकानात यातले काही तिला विचारले नव्हते. पाळी नियमित येते का, हेही नाही. बाईंनी विचारले, आणि तपासणीत पीसीओएस निघाला. त्याकडे दुर्लक्ष केले असते तर लेसर एकीकडे भाजत राहिला असता आणि दुसरीकडे नवे केस उगवत राहिले असते.

लग्नापर्यंत पाच बैठका झाल्या. लव बरीच विरळ झाली, नाहीशी नाही. "'कायमचे साफ' म्हणू नका, 'कायमचे कमी' म्हणा," असे बाईंनी आधीच बजावले होते. शब्दांबाबत इतके काटेकोर माणूस आमच्या परीक्षकांतही क्वचित भेटते. मांडवात काकूंनी नव्या सुनेला जवळ घेतले आणि म्हणाल्या, "किती गं रोडावलीस!"

शेवटच्या खेपेला मीही हळूच माझ्या हनुवटीचे विचारले. "तुमचे आता पांढरे झाले," बाई म्हणाल्या. "पांढऱ्या केसात रंगच नाही, लेसर पकडणार काय?"

माझा चिमटा आरशाच्या फळीवर जिथल्या तिथे आहे.