तार एकदाच वाकवा

ऊर्जानगरच्या मुलांना इरई धरण परके नाही. (तेथे एकट्यादुकट्याने मात्र जाऊ नका; फेब्रुवारी २०२२ मध्ये याच परिसरात वाघ व बिबट्या यांच्या हल्ल्यांत माणसे दगावली आहेत.) मासेमारीचा नाद असलेले तुमच्यापैकी काहीजण मरळीसाठी पत्र्याची फिरकी घरीच बनवत असतील. मरळीचे दात तीक्ष्ण असतात, नुसता नायलॉनचा दोरा त्यांच्यापुढे टिकेलच असे नाही. म्हणून फिरकीचा कणा स्टेनलेस स्टीलच्या तारेचा करतात. निवड योग्यच आहे. माझे भांडण आहे ते पुढच्या एका सवयीशी.

तारेची कडी वाकडी झाली की ती पकडीने सरळ करायची आणि त्याच जागी पुन्हा वळवायची! मोठी माणसे याला काटकसर म्हणतात. मला ते पटत नाही.

या पोलादात सामान्यतः १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर पृष्ठभागाचे रक्षण करतो, म्हणून ते सहसा गंजत नाही. पण गंजत नाही म्हणजे तुटत नाही, असे थोडेच आहे? धातू वाकतो तेव्हा त्याच्या स्फटिकांतील अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. दर खेपेस सरकण्याच्या वाटेत अडथळे वाढतात, तार तेथे कडक होते आणि अखेर तडकते. तांबेही असेच कडक होते, पण हे पोलाद फार झपाट्याने. शिवाय स्फटिकांची रचनाच काही अंशी बदलते आणि मूळची अचुंबकीय तार लोहचुंबकाकडे थोडी ओढली जाऊ लागते. भांड्यांच्या दुकानात 'चुंबक चिकटला, स्टील खोटे' म्हणतात, तो निकाल म्हणूनच घाईचा!

तार तापवून मऊ करू, असे कोणी सुचवील. त्याला हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते. आणि एकदा गेलेला ताठपणा पुन्हा तापवून पाण्यात बुडवल्याने परत येत नाही.

कडीतली बारीक तडीक किनाऱ्यावर दिसत नाही. मासा जोराने ओढतो तेव्हा कडी तुटते आणि तो गळासकट, तारेसकट निघून जातो. ती तार त्याच्या तोंडात गंजून झडणारीही नाही. चार बोटे तार वाचवण्यासाठी ही किंमत मला मान्य नाही.

तेव्हा आधी कागदावर आकृती काढा, साध्या लोखंडी तारेवर हात बसवा आणि मग ही तार वळवा. तोडताना तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. टोकावर फडके धरा, चष्मा लावा. चुकलेली कडी फिरकीत घालू नका, शाळेत न्या. शिक्षकांनी तिच्याशेजारी तितक्याच जाडीची तांब्याची आणि लोखंडाची तार ठेवावी, आणि कोणती कितव्या वाकवण्याला तुटते ते मुलांनाच मोजू द्यावे.