पहिल्या महिन्याचा हिशोब : परदेशी शिकणाऱ्या महागाव तालुक्यातील विद्यार्थ्यांच्या पालकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. आयुक्त, समाजकल्याण आयुक्तालय, पुणे
मा. सचिव, इतर मागास बहुजन कल्याण विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. सचिव, आदिवासी विकास विभाग, मंत्रालय, मुंबई
मार्फत : मा. तहसीलदार, महागाव, जि. यवतमाळ

विषय : परदेश शिष्यवृत्तीधारकांचा निर्वाह भत्ता, पहिल्या महिन्याची सोय आणि निघण्यापूर्वीची तयारी

महोदय,

आम्ही महागाव तालुक्यातील पालक आहोत. आमच्यासोबत सह्या करणाऱ्यांत परदेशात शिकून आलेली मुलेमुली आहेत आणि आज तिथे शिकत असलेलीही आहेत. आमची घरे कापूस, सोयाबीन आणि हळदीवर चालतात. कुणी तांड्यावरचे, कुणी आंध समाजाचे, कुणी बौद्ध. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून सुरू आहे, तिच्यात ७५ जागा आहेत. इतर मागास, भटके-विमुक्त आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठीही तशा योजना पुढे आल्या. विद्यापीठाची फी आणि विमानाचे तिकीट शासन भरते. एवढी रक्कम आमच्या कुठल्याच घरात उभी राहिली नसती. हे उपकार आम्ही विसरलेलो नाही.

आमच्या मागण्या विमानातून उतरल्यानंतरच्या आहेत. खोली, किराणा, बस, सिमकार्ड, औषध, धुणे. ही कामे अभ्यासाबाहेरची समजली जातात, म्हणून योजनेत त्यांचा विचार होत नाही. पण मुलाचे पहिले काही आठवडे याच कामांत जातात. ज्याचा काका किंवा मावशी आधीच तिकडे स्थायिक आहे, त्याला एका फोनवर मार्ग सापडतो. आमच्या मुलाला फोन करायला कुणी नाही, आणि तो वर्गात बसण्याआधीच मागे पडतो.

लंडनचेच उदाहरण घ्या. एसटीत बसून वाढलेल्या मुलाने तिथल्या बसमध्ये सुट्टे पैसे पुढे केले तर कुणी घेत नाही. लंडनच्या बसमध्ये जुलै २०१४ पासून रोख रक्कम चालतच नाही. कार्ड लागते. इकडे टपरीवरचा चहासुद्धा मोबाइलवर स्कॅन करून घेण्याची सवय, तिकडच्या दुकानात ती कामाची नाही. गावच्या खात्याचे एटीएम कार्ड परदेशी वापरासाठी बहुधा बंद असते. ते सुरू करायला ओटीपी हवा, ओटीपी इथल्या सिमवर येतो, आणि त्या सिमवर रोमिंग घेतलेले नसते. मग तिथले खाते उघडायला जावे, तर बँक विद्यापीठाचे पत्र आणि राहण्याचा पत्ता मागते. पत्र नोंदणी पूर्ण झाल्यावर मिळते, पत्ता खोली मिळाल्यावर. खोली घ्यायला जावे, तर घरमालक आधी इंग्लंडमध्ये भाड्याने राहण्याचा हक्क तपासतो. कायद्याने त्याला ते करावेच लागते आणि त्यासाठी व्हिसाचा शेअर कोड काढून द्यावा लागतो. एवढे झाले की तो जामीनदार मागतो. जामीनदार ब्रिटनमध्ये राहणारा आणि तिथे कमावणारा हवा.

महागावच्या शेतकऱ्याने असा जामीनदार आणायचा कुठून? आमची पहिली मागणी हीच आहे. ज्या शासनाने मुलाची निवड केली, त्याची फी भरली, त्याच शासनाने त्याच्या घरभाड्याची हमी घ्यावी. इंग्रजीत, अधिकृत शिक्क्यासह, रक्कम आणि कालावधी स्पष्ट लिहिलेले हमीपत्र प्रत्येक शिष्यवृत्तीधारकाच्या हाती निघण्यापूर्वी पडावे. काही ब्रिटिश विद्यापीठे आपल्या विद्यार्थ्यांसाठी स्वतः जामीन राहण्याची सोय देतात. अशा विद्यापीठांची यादी विभागाने करावी आणि निवडपत्रासोबतच द्यावी. आजवर आमच्या मुलांना ही सोय तिथे पोचल्यावर, तीही कुणाच्या तरी तोंडून, कळत आली आहे.

दुसरी मागणी भत्त्याच्या आकड्याची. ब्रिटनसाठी वर्षाचा निर्वाह भत्ता ९,९०० पौंड ठरला आहे, म्हणजे महिन्याला ८२५. आता ब्रिटिश सरकारचाच हिशोब पाहू. विद्यार्थी व्हिसासाठी राहण्याखाण्याचा किमान खर्च म्हणून त्या सरकारने जानेवारी २०२५ मध्ये लंडनसाठी महिन्याला १,४८३ पौंड आणि लंडनबाहेर १,१३६ पौंड धरले, आणि तेवढी रक्कम नऊ महिन्यांपर्यंत दाखवायला सांगितली. लंडनबाहेरच्या स्वस्त शहरातले नऊ महिने धरले तरी १०,२२४ पौंड होतात. लंडनचे नऊ महिने १३,३४७ पौंडांवर जातात. आमच्या मुलाला मात्र ९,९०० पौंडांत वर्ष काढायचे आहे. आकस्मिक खर्चाचे १,१०० पौंड वेगळे मिळतात हे खरे, पण ते पुस्तके, प्रबंधाची बांधणी, अभ्यासदौरे यांसाठी आहेत. त्यातून डाळ-तांदूळ आणायचा म्हटले तर पुस्तके राहतात.

अमेरिका आणि इतर देशांसाठी १५,४०० डॉलर आहेत. जर्मनी परदेशी विद्यार्थ्यांना सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो गोठवलेल्या (ब्लॉक्ड) खात्यात दाखवायला सांगते, म्हणजे महिन्याला ९९२. तिथे आपला भत्ता पुरू शकतो. त्यामुळे सगळीकडे सरसकट वाढ करा असे आमचे म्हणणे नाही. ज्या देशाचे सरकार विद्यार्थ्याच्या किमान खर्चाचा आकडा जाहीर करते, तिथे आपला भत्ता त्या आकड्याला बांधून टाकावा आणि तो बदलला की दरवर्षी आपोआप बदलावा. भत्ता वाढला तर जागा कमी होतील, असे उत्तर मिळण्याची आम्हाला भीती आहे. एकही जागा कमी होता कामा नये, हे आम्ही इथेच लिहून ठेवतो. फी म्हणून एका मुलामागे शासन लाखो रुपये भरते; तोच मुलगा भाड्यासाठी आठवड्याचे वीस तास दुकानात उभा राहून विषयात नापास झाला, तर ते लाखही वाया जातात.

तिसरी मागणी पहिल्या महिन्याच्या पैशांची, आणि ती आम्हाला सर्वांत निकडीची वाटते. उतरल्या दिवसापासून खर्च सुरू होतो : खोलीची अनामत (इंग्लंडमध्ये ती बहुतेक घरांसाठी पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, पण तेवढी तरी लागतेच), पहिले भाडे, गादी, रजई, एक कुकर, थंडीचा कोट. हे पैसे आज घरचे लोक हळद विकून किंवा उसने घेऊन उभे करतात. शिवाय परदेशी पैसे पाठवायचे काम तालुक्याच्या शाखेत होत नाही म्हणून पालकांना जिल्ह्याला किंवा नागपूरला जावे लागते, तिथे ए-टू अर्ज भरावा लागतो, आणि एक सही चुकली की पुन्हा फेरी. तेव्हा पहिल्या दोन महिन्यांचा निर्वाह भत्ता विमानात बसण्यापूर्वी फॉरेक्स कार्डवर जमा व्हावा. पुढचा हप्ता कोणत्या तारखेला येणार, हेही विद्यार्थ्याला आधी लेखी कळावे.

चौथी मागणी तयारीची. पासपोर्ट, व्हिसा आणि मुलाखत यांची तयारी करून देणाऱ्या संस्था शहरांत आहेत. घर चालवायचे कसे, हे कुणी शिकवत नाही. इंग्लंडमध्ये ताप आला तर मेडिकलवाल्याकडून सहसा थेट अँटिबायोटिक मिळत नाही. आधी जवळच्या जीपीकडे, म्हणजे कुटुंबाच्या डॉक्टरकडे नाव नोंदवावे लागते. ही नोंदणी मोफत आहे आणि त्यासाठी पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवणे बंधनकारक नाही. व्हिसा काढताना आरोग्य अधिभार म्हणून वर्षाला ७७६ पौंड आधीच भरलेले असतात, तरीही खर्चाच्या भीतीने आमच्या मुलांनी आजार अंगावर काढले आहेत. पूर्णवेळ विद्यार्थ्याला कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरावरचा स्थानिक कर, माफ असतो, पण विद्यापीठाचा दाखला वेळेत दिला नाही तर बिल येते आणि घरच्यांची झोप उडते. अनामत घरमालकाने ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत जमा करायची असते, हे माहीत नसेल तर ती परत मागायची कशी, हेही कळत नाही. जर्मनीची तऱ्हा आणखी वेगळी : नव्या घरात गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची सरकारी नोंद करावी लागते, आणि रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारीच पीठ-दूध भरून ठेवावे लागते.

ही माहिती मराठीत, देशवार, छापील पुस्तिकेत हवी. आणि निवड जाहीर झाल्यावर, विमान सुटण्यापूर्वी, तालुक्याच्या ठिकाणी एक आठवड्याचा वर्ग हवा. तो पुण्या-मुंबईत घेऊ नये, कारण तिथे राहण्याचा खर्च पुन्हा आमच्याच माथी येतो. महागावला पंचायत समितीचे सभागृह मिळाले तरी पुरे. शिकवायला परत आलेली मुलेमुली आहेत, त्यांना मानधन द्यावे. मुलींसाठी एक सत्र वेगळे हवे, त्यात रात्रीचा प्रवास, एकटीने खोली पाहायला जाणे, पाळीच्या दिवसांतली औषधे यांवर मोकळेपणाने बोलता यावे. पालकांसाठीही एक दिवस ठेवावा, म्हणजे मुलगी आठवडाभर फोन करू शकली नाही तर त्यामागची कारणे आम्हाला कळतील.

पाचवी मागणी माणसाची आहे. १८८३च्या जूनमध्ये आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा पत्रांतून ओळख झालेल्या कार्पेंटरबाई त्यांना घ्यायला आल्या होत्या आणि पुढे त्यांनी आनंदीबाईंना न्यू जर्सीतल्या रोझेलच्या आपल्या घरी ठेवून घेतले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. हार्टले हॉलमधले जेवण त्यांना मानवेना, मुक्काम हलवावा लागला, आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना भेटले, ते जन्मभराचे मित्र झाले. परक्या शहरात पहिले ओळखीचे माणूस किती मोलाचे असते, हे यावरून दिसते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे, आणि शिष्यवृत्तीवर आधी गेलेली आपली मुले अनेक शहरांत आहेत. विभागाने या सर्वांशी लेखी करार करावा. प्रत्येक नव्या विद्यार्थ्यामागे त्या शहरातला एक माणूस नेमावा, जो विमानतळावर येईल, पहिल्या रात्रीची झोपायची सोय करील आणि पहिल्या दिवशी बँकेत व दवाखान्यात सोबत जाईल. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये लंडनच्या ज्या घरात राहिले, १०, किंग हेन्रीज रोड, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. तिथे स्मारक आहे. त्याच पत्त्यावर नव्या विद्यार्थ्यांसाठी मराठी बोलणारा एक मदतनीस, निदान सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, बसवावा.

ब्रिटनमधली बहुतेक सत्रे सप्टेंबरात सुरू होतात. हमीपत्र, फॉरेक्स कार्ड आणि तालुक्यातला वर्ग ही तीन कामे नव्या कायद्याविना, विभागाच्या आदेशाने होऊ शकतात. ती यंदाची मुले निघण्यापूर्वी व्हावीत. भत्त्याच्या फेररचनेसाठी आणि मदतनिसांच्या करारासाठी आमच्या प्रतिनिधींसह एक बैठक लावावी. परत आलेले विद्यार्थी आपले भाडेकरार, बिले आणि महिन्यांचे जमाखर्च घेऊन त्या बैठकीला येतील.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सचिव व सर्व सदस्य
परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पालकांची संघटना
महागाव, जि. यवतमाळ