नाण्याचं गाव

रोमन नाणी जमवायला गडगंज असावं लागत नाही, मंडळी. कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या मुलांच्या काळातली ब्राँझची नाणी तर मातीसकट ढिगानं विकली जातात. त्यात मजाही आहे. 'ग्लोरिया एक्झर्सिटस', म्हणजे 'सैन्याचा गौरव' असं लिहिलेलं नाणं घ्या. इ.स. ३३० च्या सुमारास त्यावर दोन शिपायांमध्ये दोन निशाणं होती. पाच-सहा वर्षांत नाणं आक्रसलं आणि निशाण एकच उरलं! गौरव मात्र तेवढाच!

खालच्या अक्षरांवरून टांकसाळ कळते. पण ते नाणं शेवटी कुठल्या शेतात पुरलं गेलं, हे नाणं सांगत नाही.

२०१० साली इंग्लंडमध्ये फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प या हौशी शोधकाला तिसऱ्या शतकातल्या नाण्यांचा घडा सापडला. त्यानं खणणं थांबवून पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं. ५२,५०३ नाणी थराथरानं काढली गेली. सगळ्यात नंतरची बरीचशी नाणी घड्यात खोलवर निघाली. म्हणजे घडा वर्षानुवर्षं भरत गेलेला नव्हता, तो एकदमच भरला होता. भराभर उपसला असता तर हे कळलं असतं का?

म्हणून माझं मत सरळ आहे. नाणं कुठून आलं हे जो विक्रेता सांगत नाही, त्याच्याकडून ते घेऊ नये, कितीही स्वस्त असलं तरी. आपण घेतो म्हणून तर कुणीतरी रात्री शेत उकरतं ना?

संग्रह लहान राहील. राहू दे की!

तुम्हाला काय वाटतं?