जोड बरोबरीची लावा ना!

जत्रेतली दंगल पाहिली असेल तर एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. डफडं वाजत असतं, बक्षिसाचा पुकारा होतो, पण पंच लगेच कुस्ती सोडत नाहीत. आधी दोघांना शेजारी उभं करतात, अंगलट बघतात. जोड जमत नसेल तर सरळ नाही म्हणतात. गादीवर हेच काम वजनकाटा करतो. जागतिक कुस्ती संघटनेच्या 17 वर्षांखालील मुलांच्या गटात 10 वजनगट आहेत, अगदी 45 किलोपासून 110 किलोपर्यंत. 45 किलोच्या पोट्ट्याला 92 किलोच्या गड्यासमोर कोणी उभं करत नाही. केलं तर आपणच आरडाओरडा करू.

मग शाळाशाळांची तुलना करताना हा काटा कुठे जातो?

आपल्याकडे शालेय कुस्ती वैयक्तिक आहे. 14, 17 आणि 19 वर्षांखालील गट, त्यात वजनगट, आणि जिंकणारा जिल्ह्यातून विभागाला, तिथून राज्याला. पण पदकं आली की मोजणी शाळेचीच होते. ‘कोणत्या शाळेची किती?’ फलकावर तेच, प्रवेशाच्या जाहिरातीत तेच. पुढे कॉलेजात तर गुण मोजून सांघिक विजेतेपदच देतात.

साधा हिशेब करू. समजा सुवर्णाला 5 गुण, रौप्याला 3. तालुक्यातल्या एका छोट्या शाळेनं 3 पोरं उतरवली आणि तिघांनीही सुवर्ण मारलं. झाले 15 गुण. मोठ्या शाळेनं 10 पोरं उतरवली, सुवर्ण एकही नाही, रौप्य 6. झाले 18. कप कोणाला? जिचा एकही पैलवान पहिला आला नाही तिला! हे कुस्तीचं यश की हजेरीपटाचं?

आठवी ते दहावी मिळून 30 मुलं असलेल्या शाळेनं 110 किलोचा पोरगा आणायचा कुठून? हजार मुलांच्या शाळेत तो मधल्या सुट्टीत सापडतो. बरं, फरक फक्त डोक्यांचा नाही. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी शारीरिक शिक्षणाचा अर्धवेळ निदेशक मिळतो तो पट 100 च्या वर असेल तर. म्हणजे छोट्या शाळेला पोरं कमी, शिकवणारा नाही, आणि गादी तर दूरच राहिली.

अमेरिकेत शाळाशाळांत थेट सांघिक लढती होतात. तिथे एखाद्या वजनगटात तुमचा गडी नसला तर समोरच्याला 6 गुण मिळतात, चितपट केल्यावर मिळतात तेवढेच. कुस्तीवेड्या आयोवा राज्यानं म्हणूनच शाळांचे पटावरून तीन वर्ग पाडलेत.

आमच्या जठारपेठेत चहाच्या टपरीवर हा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं: “असे गट पाडत बसलं तं मंग सगळ्याइलेच कप द्या लागन ना बे!” आणि लगेच दुसरा सांगतो, खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, लहानशा गावातून निघून 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, त्यांना कुठे वेगळा गट होता?

मुद्दा खरा आहे, पण तो एकट्या पैलवानाचा आहे. एक खाशाबा कोणत्याही गावात जन्माला येऊ शकतो. दहा वजनगटांत दहा खाशाबा एकाच छोट्या शाळेत येत नाहीत. म्हणून वैयक्तिक पदकांना अजिबात हात लावू नका. दहावी-बारावीचे क्रीडा गुण आणि पुढे नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण खेळाडूच्या स्वतःच्या कामगिरीवर मिळतं. तिथे गट पाडले तर पदकाचं मोल खरंच उतरेल. फक्त शाळेच्या सांघिक कपाचे दोन गट करा, मोठ्या शाळा आणि छोट्या शाळा.

‘मग खरा विजेता कोण?’ असं विचाराल तर उत्तर घरातच आहे, राजेहो. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात, दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांना भिडतात आणि गदा एकालाच मिळते. दोन गटांचे कप आधी देऊन टाका आणि नंतर विजेत्या शाळांची एक लढत लावा. दोन्हींकडे गडी असलेल्या वजनगटांतच कुस्त्या घ्या. छोटी शाळा जिंकली तर त्या कपाची मजाच वेगळी!

खरी अडचण मोजण्यात आहे. अकोला म्हणजे नीट-जेईईच्या क्लासेसचं गाव. अकरावी-बारावीत नाव खेड्यातल्या ज्युनिअर कॉलेजात आणि पोरगं शहरातल्या क्लासात, हे आपल्याला काही नवीन नाही. तिथे पट फुगलेला आणि मैदान रिकामं. त्यामुळे सुरुवात 17 वर्षांखालील गटापासून व्हावी. आठवी ते दहावीचाच पट धरावा, मुला-मुलींचा वेगळा. हे आकडे यू-डायसवर दरवर्षी भरले जातातच, त्यासाठी नवीन कागद रंगवायची गरज नाही.

आणि गट पाडणं आपल्याकडे नवीन आहे का? शालेय स्पर्धेत महापालिका क्षेत्र आणि उरलेला जिल्हा आजही वेगवेगळे खेळतात. पण शहरातही 40 पोरांची शाळा असते आणि तालुक्यातही दीड हजारांची. सीमारेषा नकाशावर ओढण्यापेक्षा पटावर ओढलेली बरी.

जिल्हा क्रीडा कार्यालयानं येत्या मोसमात एकाच वयोगटात हे करून पाहावं. खर्च एका जास्तीच्या कपाचा. जमलं तर आपल्या विद्यापीठालाही विचारता येईल: पाच जिल्ह्यांची कॉलेजं एकाच गुणतक्त्यात, त्यात शारीरिक शिक्षणाचंच कॉलेज आणि दोनशे पोरांचं कला महाविद्यालयही, ही जोड कोणत्या पंचानं लावली?